वाचनालयातील सूचनाफलकाचा मॉनिटर कमांडने बंद-चालू कसा करावा

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असेल तर ती लगेच लक्षात येईल. इंदूरमध्ये रामबाग भागातील आपल्या वाचनालयाच्या प्रवेशद्वाराशी भिंतीवर २४ इंची मॉनिटर लावलेला आहे. त्याला जोडलेल्या जुन्या संगणकावर लिनक्स मिंट या संगणक प्रणालीची एक्सएफसीई डेस्कटॉप असलेली आवृत्ती चालते आणि ब्राउझरमध्ये नव्या पुस्तकांची यादी, व्याख्यानांच्या तारखा व वर्गणीच्या सूचना दिवसभर फिरत राहतात. सकाळी ८ ते रात्री ९ या वेळात स्क्रीन अखंड चालू असावी आणि रात्री ती आपोआप बंद व्हावी, एवढीच आपली अपेक्षा आहे. प्रत्यक्षात मात्र दिवसा दहा-दहा मिनिटांनी स्क्रीन काळी होते. रात्री बंद करण्यासाठी क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीत) घातलेली कमांड ‘डिस्प्ले उघडता येत नाही’ अशी तक्रार करून थांबते. तीच कमांड हाताने दिली तर स्क्रीन क्षणभर बंद होऊन पुन्हा उजळते. शेवटचा उपाय म्हणून आपण एक्सरँडर या स्क्रीनची मांडणी बदलणाऱ्या कमांडने आउटपुटच बंद करून पाहिले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राउझरची खिडकी कोपऱ्यात आकसलेली दिसली.

मी गेली अठरा वर्षे इंदुरात छोटी कार्यालये, दवाखाने आणि शाळा यांचे संगणक सांभाळतो. या अनुभवावरून सांगतो की आपली कमांड चुकीची नाही. अडचण अशी आहे की एकाच स्क्रीनच्या झोपेवर तीन-चार जणांचा अधिकार चालतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याला न विचारता आपले घड्याळ चालवतो. एक्स सर्व्हरचा, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा, स्क्रीनसेव्हर, त्याच सर्व्हरची मॉनिटर वीजबचत, एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर आणि स्वतः मॉनिटर, असे हे हिस्सेदार आहेत. दिवसा स्क्रीन कोण घालवतो हे ठरवल्याशिवाय नवी कमांड घातली, तर एका हिस्सेदाराचे तोंड बंद होते आणि दुसरा बोलू लागतो. म्हणून मी आधी तपासणी सांगतो आणि मग उपाय.

लिपीविषयी एक सूचना. खालच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकाव्यात. जिथे मोठी अक्षरे लागतात तिथे मी तसे सांगितले आहे.

पहिला भेद काळ्या पडद्याचा आणि झोपलेल्या मॉनिटरचा आहे. सियागंजातील एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर मला एकदा याच कारणासाठी बोलावले होते. ‘मॉनिटर रात्रभर बंद असतो, मग सकाळी तो गरम का लागतो?’ असा मालकांचा प्रश्न होता. संध्याकाळी पेढीतले दिवे मालवल्यावर मी त्या मॉनिटरसमोर उभा राहिलो. दिवसा काळीकुट्ट वाटणारी स्क्रीन अंधारात फिकट राखाडी दिसत होती, कडांशी तो उजेड जरा जास्त होता आणि मागच्या बाजूला हात लावल्यावर ऊब लागत होती. मी प्लगमध्ये वॅटमीटर घातला. पांढरे पान उघडे असताना तो २२ वॅट दाखवत होता आणि काळ्या स्क्रीनवर २१. मग वीजबचतीची कमांड दिली. मॉनिटरचा छोटा दिवा निळ्याचा नारिंगी झाला आणि मीटर ०.४ वर आला. मधल्या साऱ्या रात्री त्या पेढीने काळा रंग दाखवण्यासाठी वीज भरली होती.

याचे कारण पॅनेलच्या रचनेत आहे. एलसीडीमध्ये मागे बॅकलाइट सतत जळत असतो आणि पुढचे द्रवस्फटिक तो उजेड अडवतात किंवा सोडतात. काळा रंग म्हणजे अडवलेला उजेड. तो उजेड निर्माण करण्याची वीज खर्च झालेलीच असते. स्क्रीनसेव्हर काळा पडदा दाखवतो तेव्हा एवढेच घडते. बॅकलाइट विझायचा असेल तर संगणकाने मॉनिटरला ‘आता झोप’ असे कळवावे लागते. त्यासाठीची पद्धत व्हेसा या संस्थेने १९९३ मध्ये ठरवून दिली. तिचे नाव डीपीएमएस.

डीपीएमएसमध्ये स्टँडबाय, सस्पेंड आणि ऑफ अशा तीन पायऱ्या असतात आणि कमांडमध्ये तीन आकडे का द्यावे लागतात याचे उत्तर त्यातच आहे. तेव्हाचे मॉनिटर काचेच्या नळीचे होते. आडवा समकालन संकेत थांबवला की स्टँडबाय, उभा थांबवला की सस्पेंड आणि दोन्ही थांबवले की ऑफ, असा तो करार होता. झोप जितकी गाढ, तितकी वीज कमी आणि जागे व्हायला वेळ जास्त. आजच्या मॉनिटरला या तीन पायऱ्यांत जवळजवळ फरक दिसत नाही. एचडीएमआय केबलवर संगणक चित्राचा संकेत पाठवणे थांबवतो आणि मॉनिटर ते ओळखून झोपतो. म्हणून मी तिन्ही ठिकाणी एकच आकडा देतो.

आता तपासणी. पहिल्यांदा हे पाहावे की आपले सत्र, म्हणजे लॉग-इन केल्यापासूनचे काम, एक्स-११ चे आहे की वेलँडचे. स्क्रीनवर चित्र दाखवण्याच्या या दोन पद्धती आहेत. मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीत ते सहसा एक्स-११ च असते, पण खात्री करण्यास एक ओळ पुरते:

एको $एक्सडीजी_सेशन_टाइप

येथे डॉलरच्या चिन्हानंतरची सर्व अक्षरे मोठी आहेत. उत्तर ‘एक्स११’ आले तर पुढचे सर्व आपल्याला लागू पडते. ‘वेलँड’ आले तर एक्ससेट ही स्क्रीनची झोप ठरवणारी कमांड मॉनिटरवर परिणाम करणार नाही. त्याविषयी खाली वेगळे लिहितो.

त्यानंतर सद्यस्थिती विचारावी:

एक्ससेट क्यू

ही ओळ बरीच माहिती ओतते, पण आपल्याला दोनच भाग हवे आहेत. ‘स्क्रीन सेव्हर’ या शीर्षकाखाली टाइमआउटचा आकडा असतो आणि तो सेकंदांत असतो. तिथे ६०० दिसले तर आपली दहा मिनिटे सापडली. त्याच्या खाली, शेवटी, डीपीएमएसचा भाग येतो. जुन्या आवृत्त्यांत त्याच्या शीर्षकात ‘एनर्जी स्टार’ हे शब्दही दिसतात, कारण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये सुरू केलेल्या त्या योजनेमुळेच मॉनिटरची झोप हा विषय पुढे आला. तिथे तिन्ही पायऱ्यांचे आकडे, डीपीएमएस सक्षम आहे की नाही आणि मॉनिटर या क्षणी कोणत्या स्थितीत आहे, हे सर्व लिहिलेले असते. ही ओळ दोनदा चालवावी, एकदा लॉग-इन झाल्याबरोबर आणि एकदा अर्ध्या तासाने. आकडे मधल्या काळात बदललेले दिसले तर पॉवर मॅनेजर आपले आकडे वर लिहीत आहे असे समजावे.

पॉवर मॅनेजरला मी नेहमी त्याच्याच खिडकीतून गप्प करतो. सेटिंग्जमधील पॉवर मॅनेजरच्या डिस्प्ले या पानावर डिस्प्ले पॉवर मॅनेजमेंटचा खटका बंद करावा. स्क्रीनसेव्हरच्या पानावर जाऊन तोही बंद करावा आणि लॉक स्क्रीन काढून टाकावी, कारण सूचनाफलकावर पासवर्ड विचारणारी चौकट आली की दिवसभर कोणीतरी तिच्यासमोर थांबून जाते. हे काम एक्सएफकॉन्फ-क्वेरी या कमांडनेही होते, पण गुणधर्माचे नाव आवृत्तीगणिक थोडे बदलू शकते. एकदाच करायचे काम असेल तर खिडकीतून करणे मला जास्त भरवशाचे वाटते.

आता मैदान मोकळे झाले. दिवसाची स्थिती अशी मांडावी:

एक्ससेट एस ऑफ
एक्ससेट एस नोब्लँक
एक्ससेट डीपीएमएस ० ० ०
एक्ससेट डीपीएमएस फोर्स ऑन

आणि रात्रीची अशी:

एक्ससेट डीपीएमएस ३०० ३०० ३००
स्लीप २
एक्ससेट डीपीएमएस फोर्स ऑफ

या ओळींमागचा विचार सांगणे आवश्यक आहे, कारण इतरत्र सापडणाऱ्या सल्ल्यांपेक्षा त्या थोड्या वेगळ्या आहेत. बहुतेक ठिकाणी दिवसासाठी ‘एक्ससेट -डीपीएमएस’ म्हणजे वीजबचत पूर्ण बंद करा, असे सांगितलेले असते. तीत एक खोच आहे. ‘फोर्स’ हा शब्द असलेली कमांड, मग ती बंद करणारी असो वा चालू करणारी, डीपीएमएसला गुपचूप पुन्हा सक्षम करते आणि त्याबरोबर आधीचे ६०० सेकंदांचे आकडे जिवंत होतात. आदल्या रात्री आपण फोर्स ऑफ केले, सकाळी फोर्स ऑन केले आणि दहा मिनिटांनी स्क्रीन पुन्हा गेली, असे त्यामुळे घडते. माझ्या अंदाजाने आपल्या दिवसाच्या तक्रारीचा एक भाग येथूनच येतो. आकडेच शून्य केले तर डीपीएमएस सक्षम असूनही स्वतःहून काही करत नाही, कारण शून्य म्हणजे ती पायरी रद्द.

रात्रीचे ३०० हे आकडे मला एका अनुभवाने शिकवले. त्याच सियागंजातल्या पेढीवर रात्री साडेनऊला बंद केलेला मॉनिटर सकाळी चालूच सापडायचा. कोणी आत जात नव्हते. शेवटी एका रात्री मी तिथे थांबलो. पावणेबाराच्या सुमारास बाहेर मालाचा ट्रक येऊन उभा राहिला, टेबलावरची काच बारीक थरथरली आणि तिच्यावर ठेवलेल्या ऑप्टिकल माउसचा बाण स्क्रीनवर दोन-तीन बिंदू सरकला. तेवढ्या हालचालीने मॉनिटर जागा झाला. रात्रीची वेळमर्यादा शून्य असल्यामुळे त्याला पुन्हा झोपवणारे कोणी उरले नव्हते. ३०० सेकंदांची मर्यादा असली की कोणत्याही कारणाने जाग आली तरी पाच मिनिटांत स्क्रीन पुन्हा जाते, आणि ग्रंथपालांना उशिरा काही काम असेल तर माउस हलवून ते करता येते. आपल्या फलकाच्या संगणकाला रोज माउस लागत नसेल तर तो काढून ठेवणे सर्वांत बरे.

मधली ‘स्लीप २’ ही ओळ आपल्या तिसऱ्या तक्रारीचे उत्तर आहे. टर्मिनलमध्ये कमांड टंकून आपण एंटर दाबता तेव्हा कळ दाबली जाण्याच्या क्षणी कमांड सुरू होते, पण बोट उचलल्यावर कळ सुटल्याची वेगळी घटना सर्व्हरकडे जाते. सर्व्हरच्या दृष्टीने ती वापरकर्त्याची हालचाल असते, म्हणून नुकतीच झोपलेली स्क्रीन तो लगेच उठवतो. दोन सेकंद थांबले की बोट उचललेले असते. क्रॉनमधून चालवताना ही ओळ लागत नाही, पण कधीतरी कोणीतरी तीच फाइल हाताने चालवतोच. असू द्यावी.

क्रॉनच्या तक्रारीकडे येतो. एक्ससेट जेव्हा डिस्प्ले उघडता येत नाही असे म्हणते, तेव्हा त्या वाक्याच्या शेवटी अवतरणचिन्हे असतात. ती चिन्हे रिकामी असतील तर कोणत्या डिस्प्लेशी बोलायचे हेच कमांडला कळलेले नाही. चिन्हांत ‘:०’ असेल तर पत्ता कळला आहे, पण दाराशी अडवले गेले आहे किंवा त्या पत्त्यावर सर्व्हरच नाही. या दोन आजारांची औषधे वेगळी आहेत. क्रॉन आपले काम अगदी उघड्या वातावरणात चालवतो. आपल्या टर्मिनलला माहीत असलेले चल, म्हणजे नाव देऊन साठवलेली माहिती, त्याला माहीत नसतात. म्हणून फाइलच्या सुरुवातीला ही ओळ हवी:

एक्सपोर्ट डिस्प्ले=:०

यात ‘डिस्प्ले’ हे नाव मोठ्या अक्षरांत आहे. पत्ता दिल्यावरही अडवणूक झाली तर आपण ती नोंद रूटच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य व्यवस्थापक खात्याच्या, क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) केली आहे का ते पाहावे. रूटला सर्व अधिकार असतात असे आपण धरून चालतो, पण एक्स सर्व्हर प्रवेश देताना आपली परवान्याची फाइल पाहतो आणि ती लॉग-इन केलेल्या वापरकर्त्याच्या घरात असते. त्याच वापरकर्त्याच्या नावाने ‘क्रॉनटॅब -ई’ चालवून नोंद केली की ती फाइल आपोआप सापडते. काही डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे लॉग-इनचे पान दाखवणारे प्रोग्रॅम, ती दुसरीकडे ठेवतात. तसे असेल तर एक्सऑथॉरिटी या चलात, तेही मोठ्या अक्षरांत, तिचा पूर्ण पत्ता द्यावा.

येथे इंदूरच्या पावसाळ्याचा विचार करावाच लागतो. एक्ससेटने ठरवलेले सर्व काही त्या सत्रापुरते असते. संध्याकाळी वीज गेली, इन्व्हर्टर संपला आणि संगणक पुन्हा सुरू झाला की सर्व आकडे मूळ पदावर येतात. शिवाय रात्री ९ ची क्रॉनची वेळ अंधारात निघून गेली असेल तर ११ वाजता वीज आल्यावर स्क्रीन सकाळपर्यंत उजळत राहील. म्हणून तीन गोष्टी एकत्र कराव्यात. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, वीज परतल्यावर संगणकाने आपणहून सुरू व्हावे अशी निवड असते, ती करावी. फलकाच्या वापरकर्त्याला पासवर्डशिवाय आपोआप लॉग-इन द्यावे, कारण लॉग-इनच्या पानावर अडकलेल्या सर्व्हरवर आपला परवाना चालत नाही. आणि सत्र सुरू होताना चालणारी एक फाइल अशी लिहावी की ती घड्याळ पाहून दिवसाच्या ओळी चालवायच्या की रात्रीच्या हे ठरवील.

ती फाइल लिहिताना एक बारीक चूक हमखास होते. तास विचारणारी ‘डेट +%एच’ ही कमांड, जिच्यात एच मोठा आहे, सकाळी आठला ‘०८’ असे उत्तर देते. बॅश शेलच्या दुहेरी चौकोनी कंसात ही संख्या तुलनेला घेतली तर सुरुवातीच्या शून्यामुळे ती अष्टमान पद्धतीची मानली जाते आणि अष्टमान पद्धतीत आठ हा अंकच नसतो. परिणाम असा की फाइल दिवसभर नीट चालते आणि नेमकी सकाळी ८ व ९ च्या तासांत चूक देते. टक्क्याच्या चिन्हानंतर एक उणे चिन्ह घालून ‘डेट +%-एच’ लिहिले की पुढचे शून्य गळते आणि प्रश्न मिटतो. टक्क्याचे चिन्ह थेट क्रॉनटॅबच्या ओळीत मात्र लिहू नये. क्रॉन त्याचा अर्थ ओळ संपली असा घेतो. ते फाइलमध्येच ठेवावे.

एक्सरँडरविषयी आपण विचारले आहे. ‘एक्सरँडर --आउटपुट अमुक --ऑफ’ ही कमांड मॉनिटरला झोपवत नाही, तो मांडणीतून काढून टाकते. टेबलच उचलून नेले तर त्यावरची भांडी कुठे ठेवायची हा प्रश्न डेस्कटॉपला पडतो आणि आपली खिडकी आकसते. ही कमांड एका वेगळ्या प्रसंगी उपयोगी आहे. डीपीएमएस एका सर्व्हरवरच्या सर्व मॉनिटरना एकदम लागू होते. दोन मॉनिटरपैकी एकच बंद करायचा असेल तर एक्सरँडर किंवा पुढे सांगतो ती डीडीसीयूटिल लागते. आपल्याकडे एकच मॉनिटर आहे, म्हणून ती सोडून द्यावी.

डीडीसीयूटिल ही कमांड वेगळ्या वाटेने जाते. चित्राचा संकेत थांबवण्याऐवजी ती व्हिडिओ केबलमधल्या स्वतंत्र तारांवरून मॉनिटरशी बोलते आणि त्याच्या बटणांनी जे करता येते त्यातले पुष्कळ काही करते. प्रकाशमानतेचा क्रमांक १० आहे आणि वीजस्थितीचा डी६. डी६ ला १ दिले की चालू आणि ४ दिले की बंद. ५ हा आकडाही असतो. तो बटण दाबून बंद केल्यासारखा असतो आणि तो दिल्यावर काही मॉनिटर केबलवरून उठवता येत नाहीत, तेव्हा भिंतीवरच्या मॉनिटरला तो देऊ नये. आपल्यासाठी मी ही वाट मुख्य उपाय म्हणून सुचवत नाही, पण संध्याकाळी सहानंतर प्रकाशमानता निम्मी करण्यास ती फार चांगली आहे. प्रवेशद्वाराशी संध्याकाळी उजेड कमी असतो आणि वृद्ध वाचकांना तीव्र पांढरी स्क्रीन खुपते.

पुढेमागे मॉनिटरच्या जागी टीव्ही लावायचा विचार असेल तर हिशोब बदलतो. संकेत थांबला की मॉनिटर झोपतो, पण बरेच टीव्ही ‘संकेत नाही’ अशी पाटी निळ्या किंवा काळ्या पडद्यावर दाखवत बराच वेळ जागे राहतात. टीव्हीला एचडीएमआयच्या सीईसी तारेवरून आज्ञा द्यावी लागते आणि नेहमीच्या संगणकाच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय सहसा नसते. रास्पबेरी पायमध्ये ती असते आणि तिथे सीईसी-क्लायंट या कमांडला ‘स्टँडबाय ०’ व ‘ऑन ०’ असे शब्द पाठवून काम होते. जेल रोडवर टीव्ही घेण्याआधी त्यात सीईसी आहे का हे विचारून घ्यावे. प्रत्येक कंपनी त्याला आपले वेगळे नाव देते, म्हणून दुकानदाराला ‘एचडीएमआयवरून टीव्ही बंद-चालू होतो का’ असेच विचारावे.

वेलँडविषयी थोडक्यात. तिथे एक सर्वांना लागू पडणारी कमांड नाही, कारण स्क्रीनचा मालक तो-तो डेस्कटॉप असतो. केडीईमध्ये ‘केस्क्रीन-डॉक्टर --डीपीएमएस ऑफ’ चालते. स्वेमध्ये स्वेमेसेजद्वारे आउटपुटची पॉवर बंद करता येते. नोममध्ये निष्क्रियतेची वेळ जीसेटिंग्जमधून शून्य करता येते आणि तत्काळ बंद करण्यासाठी मटर या नोमच्या खिडकी-व्यवस्थापकाच्या डिस्प्ले सेवेतील पॉवरसेव्हमोड हा गुणधर्म बसकंट्रोलने ३ करावा लागतो, चालू करताना ०. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी /चेंज मॉनिटर-टाइमआउट-एसी ०’ ने वेळमर्यादा काढता येते. तिथला आकडा मिनिटांत असतो, सेकंदांत नाही, आणि या दोहोंची गल्लत मी अनेकांकडून झालेली पाहिली आहे.

विजेच्या बचतीचा आकडाही प्रामाणिकपणे पाहू. रात्री ९ ते सकाळी ८ हे ११ तास होतात. २२ वॅटच्या मॉनिटरचे ते सुमारे पाव युनिट, म्हणजे महिन्याला साधारण सात युनिट. रक्कम मोठी नाही. बॅकलाइटचे आयुष्य वाढते हा माझ्या मते मोठा लाभ आहे, कारण २४ तास जळणारा मॉनिटर काही वर्षांत पिवळट व मंद होतो आणि वाचनालयाला तो पुन्हा घेणे जड जाते. वीज खरोखर वाचवायची असेल तर संगणकाकडे पाहावे, कारण जुना डेस्कटॉप संगणक रात्रभर मॉनिटरपेक्षा जास्त वीज खातो. त्याला ‘आरटीसीवेक -एम मेम -एस ३९६००’ ने अकरा तास झोपवता येते. सेकंदांचा तो आकडा ११ तासांचाच आहे. ही कमांड मात्र रूटच्या क्रॉनटॅबमध्येच द्यावी लागते. जुने मदरबोर्ड झोपेतून नीट उठतीलच असे नसते, तेव्हा आधी मॉनिटरचे काम महिनाभर स्थिर चालू द्यावे आणि मग एखाद्या सुटीच्या आदल्या रात्री हा प्रयोग करावा. तोवर पॉवर मॅनेजरमधील संगणकाची स्वतःची झोप बंद ठेवावी. संगणकच झोपला तर सकाळी आठची क्रॉनची नोंद चालवणार कोण?

म्हणजे कामाचा क्रम असा राहील. सत्राचा प्रकार पाहणे, एक्ससेट क्यू दोनदा चालवणे, पॉवर मॅनेजर व स्क्रीनसेव्हर खिडकीतून बंद करणे, घड्याळ पाहणारी एकच फाइल लिहिणे आणि ती तीन ठिकाणांहून, म्हणजे सत्र सुरू होताना, सकाळी आठला व रात्री नऊला चालवणे. चाचणीसाठी रात्रीची वाट पाहू नये. फाइलमधील रात्रीची वेळ तात्पुरती आत्ताची धरून क्रॉनची नोंद दोन मिनिटे पुढची करावी आणि मॉनिटरचा दिवा रंग बदलतो का ते स्वतः उभे राहून पाहावे. दिवा बदलला नाही आणि स्क्रीन मात्र काळी झाली, तर बॅकलाइट जळतोच आहे. हॉलमधले दिवे मालवले की ते लगेच दिसते.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही एकदा जाऊन यावे. इनपुट आपोआप शोधण्याची निवड असेल तर ती बंद करून एचडीएमआय पक्के करावे, कारण संकेत थांबल्यावर काही मॉनिटर दुसऱ्या पोर्टवर शोध घेत जागे राहतात.

आणि रात्री दिवे घालवणाऱ्या चौकीदारांना आवर्जून सांगावे. सवयीने ते मॉनिटरचे बटण दाबून तो बंद करतील, आणि बटणाने बंद केलेला मॉनिटर सकाळी कोणत्याही कमांडला दाद देत नाही. माझ्याकडे अशा तीन तक्रारी आल्या आणि तिन्ही वेळा मी आधी तासभर क्रॉनच तपासत बसलो. आता मी मॉनिटरच्या खालच्या कडेला, बटणाच्या अगदी शेजारी, एक पट्टी चिकटवतो. त्यावर मराठीत ‘हे बटण दाबू नये, स्क्रीन आपोआप बंद होते’ असे असते आणि त्याखाली, चौकीदार वाचतात त्या हिंदीत, ‘यह बटन न दबाएँ’.